३२-बिट, ६४-बिट की आर्म? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑपरेटिंग सिस्टीमची नेमकी कोणती प्रत उतरवायची, या विषयावर आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ३२-बिट, ६४-बिट आणि आर्म या प्रोसेसरच्या जाती; प्रत त्या जातीला जुळणारी लागते. आज्ञा आणि फायलींची नावे इथे देवनागरीत छापली असली, तरी संगणकावर ती रोमन लिपीतच टंकायची.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय३ आहे. डेबियन लिनक्ससाठी शोधलं तर इंटेलची म्हणून वेगळी फाईल नाही, आहे ती ‘एएमडी६४’. शिवाय एका जुन्या साठ्यात ‘आयए६४’ नावाची फाईल मिळाली. इंटेलची तीच का?
— विद्यार्थी, सांगली

एएमडी६४ उतरवा. आयए६४ला हात लावू नका.

३२-बिट एक्स८६ प्रोसेसरांना ६४-बिटपर्यंत वाढवण्याचा आराखडा एएमडीने तयार केला आणि त्यावरचा पहिला ऑप्टेरॉन २००३ साली बाजारात आणला. इंटेलचा त्या वेळी इटॅनियम नावाचा अगदी वेगळा ६४-बिट प्रोसेसर होता. आयए६४ हे त्याच्या आर्किटेक्चरचं (अंतर्गत रचनेचं) नाव. तो जुने ३२-बिट प्रोग्राम नीट चालवत नसे, बाजाराने त्याला विचारलं नाही, आणि २००४ मध्ये इंटेलने मुकाट्याने एएमडीचीच पद्धत आपल्या प्रोसेसरांत घेतली. डेबियनने पहिलं नाव कायम ठेवलं, एवढाच काय तो घोळ.

फायलींच्या नावांत एक्स६४, एक्स८६_६४ आणि एएमडी६४ हे एकच. आय३८६, आय६८६ आणि नुसतं एक्स८६ म्हणजे ३२-बिट. आर्म६४ किंवा एआर्च६४ हे मोबाईलच्या जातीचे प्रोसेसर. ती फाईल तुमच्या लॅपटॉपवर सुरूच होणार नाही. कोअर आय३, आय५, आय७ या नावाने विकला गेलेला प्रत्येक प्रोसेसर ६४-बिट आहे, त्यामुळे तुम्हाला आणखी काही तपासायची गरज नाही.

प्रश्न : कार्यालयातल्या संगणकात चौथ्या पिढीचा कोअर आय५ आहे. रॅम ४ जीबीची ८ जीबी केली, पण विंडोज १० ‘८ जीबी, पैकी ३.४१ जीबी वापरण्याजोगी’ असंच दाखवतं. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड बदला. खरं काय? आणि डेटा न घालवता ६४-बिट करता येईल का?
— हिशेबनीस, इचलकरंजी

मदरबोर्ड ठीक आहे. तुमच्याकडे ३२-बिट विंडोज बसवलेलं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा. तिथे ‘सिस्टीम टाइप’समोर ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४ आधारित प्रोसेसर’ अशी ओळ दिसेल. स्वल्पविरामाच्या आधी विंडोज काय आहे ते, नंतर प्रोसेसर काय पेलतो ते. ३२-बिट विंडोज १० फक्त ४ जीबीपर्यंतचे पत्ते वापरतं आणि त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणून ३.४१. तुम्ही १६ जीबी लावली असती तरी आकडा जवळपास हाच राहिला असता.

३२ वरून ६४ वर ‘अपग्रेड’ होत नाही. नव्याने बसवणं हा एकच मार्ग. डेटा वाचतो, प्रोग्राम वाचत नाहीत. ते सगळे पुन्हा टाकावे लागतात. क्रम असा ठेवा :

आधी बॅकअप, तोही बाहेरच्या डिस्कवर. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात. राहून जातं ते हिशेबाच्या प्रोग्रामचं डेटा फोल्डर (ते पुष्कळदा थेट सी ड्राइव्हवर असतं), आउटलुकची पीएसटी फाईल आणि ब्राउझरमधले पासवर्ड. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडला नाही तर तो बॅकअप नव्हे.

मग ६४-बिट ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे प्रोग्राम. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून लॅन, वाय-फाय आणि प्रिंटरचे ६४-बिट ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. विंडोज बसलं, पण नेटवर्कचा ड्रायव्हरच नाही आणि तो उतरवायला इंटरनेट नाही, अशी कोंडी इथेच होते.

नंतर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं आहे का आणि आवृत्ती होम आहे की प्रो, हे कागदावर टिपा. परवाना ३२ आणि ६४ दोन्हींना चालतो. आवृत्ती मात्र तीच निवडायला हवी.

आता ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल. सर्वांत जास्त लोक अडतात ते या पायरीवर. टूलमध्ये ‘या पीसीसाठी सुचवलेले पर्याय वापरा’ या चौकटीत आधीच खूण असते. ती तशीच ठेवली तर टूल तुमचं सध्याचं विंडोज बघतं आणि पुन्हा ३२-बिटच उतरवतं. खूण काढा आणि आर्किटेक्चरच्या यादीतून ६४-बिट (एक्स६४) निवडा.

पेन ड्राइव्ह तयार झाल्यावर चालू विंडोजमधून त्यातलं सेटअप उघडू नका. ६४-बिट सेटअप ३२-बिट विंडोजवर चालतच नाही. संगणक पेन ड्राइव्हवरूनच सुरू करा, उत्पादन किल्ली विचारली की ‘माझ्याकडे किल्ली नाही’ निवडा, टिपून ठेवलेली आवृत्ती घ्या आणि ‘कस्टम’ इन्स्टॉलेशन करा. ‘डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे’ असं सांगून सेटअप अडलं, तर पेन ड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू झालाय आणि आधीचं विंडोज लेगसी या जुन्या पद्धतीने बसवलेलं होतं. बूट मेनूत त्याच पेन ड्राइव्हची दोन नावं दिसतात; ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलेलं नाही ते निवडा. किंवा बॅकअपची पक्की खात्री असेल तर सगळी पार्टिशन्स काढून कोऱ्या डिस्कवर बसवा. आम्ही दुसरं सुचवू.

एवढं करूनही विंडोज १०च राहणार, हे ध्यानात असू द्या. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, तीही २२एच२ आवृत्तीवर नोंदणी केली तरच. विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत. तुमचा बसत नाही.

हिशेबाचे आकडे ओडीबीसीने (दुसऱ्या प्रोग्राममधला डेटा वाचण्याच्या सोयीने) एक्सेलमध्ये ओढत असाल तर आणखी एक. ड्रायव्हर आणि एक्सेल दोन्ही एकाच बिटचे लागतात. ऑफिसच्या हल्लीच्या आवृत्त्या आपोआप ६४-बिट बसतात, ड्रायव्हर ३२-बिट असतो, आणि ‘आर्किटेक्चर जुळत नाही’ अशी तक्रार येते. ड्रायव्हर जुनाच राहणार असेल तर ऑफिस मुद्दाम ३२-बिट बसवा; ६४-बिट विंडोजवर ते बिनतक्रार चालतं. ३२-बिट ड्रायव्हरची ओडीबीसी खिडकी ‘सिसवाव६४’ फोल्डरमधून उघडायची आणि ६४-बिटची ‘सिस्टम३२’मधून. छपाईची चूक नाही, मायक्रोसॉफ्टने नावं तशीच उलटी ठेवली आहेत.

प्रश्न : छापखान्यात विंडोज ७, ३२-बिट असलेला एक संगणक आहे. त्यावर डॉसमधला फॉक्सप्रोचा बिलिंग प्रोग्राम, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि डाँगल (खोचायची परवाना-किल्ली) लावून चालणारं मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर. नवा संगणक घेतला तर हे सगळं ६४-बिटवर येईल का?
— मुद्रक, सोलापूर

तीन गोष्टींची तीन उत्तरं आहेत.

डॉस प्रोग्राम येणार नाही. ३२-बिट विंडोजमध्ये डॉस आणि १६-बिट प्रोग्रामसाठी एनटीव्हीडीएम नावाची सोय होती; ती प्रोसेसरच्या ज्या जुन्या अवस्थेवर उभी होती, ती अवस्थाच ६४-बिट पद्धतीत उपलब्ध नसते. म्हणून कंपॅटिबिलिटी मोड लावा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, काही करा, ‘हा ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ हेच उत्तर मिळेल. मार्ग दोन. डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस यांसारखा प्रोग्राम घ्या; साधा डॉसबॉक्स मुख्यतः खेळांसाठी बनवलेला आहे, त्यात छपाईची आणि फाईल लॉकिंगची (एक जण वापरत असताना दुसऱ्याला बदल करू न देण्याची) सोय तोकडी पडते. व्हीडॉस एलपीटी१वर (डॉसच्या प्रिंटर पोर्टवर) आलेली छपाई थेट विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. दोन काउंटरवरून एकच डीबीएफ (फॉक्सप्रोची डेटा) फाईल उघडत असाल तर लॉकिंग आधी कोऱ्या प्रतीवर तपासा. तिथे गडबड झाली तर इंडेक्स बिघडतो आणि ते महिनाअखेरीलाच लक्षात येतं. दुसरा मार्ग, नव्या संगणकात व्हर्च्युअल मशिन (प्रोग्रामने उभा केलेला संगणकातला संगणक) करून त्यात ३२-बिट विंडोज ठेवणं. त्याला वेगळा परवाना लागतो आणि ते इंटरनेटला जोडू नये.

फॉन्टचं सॉफ्टवेअर बहुधा ३२-बिट असेल. ते स्वतः ६४-बिट विंडोजवर चालतं. फॉन्टलाही ३२-६४चं सोयरसुतक नसतं. बिगर-युनिकोड टीटीएफ फॉन्ट दोन्हीकडे सारखेच उमटतात. अडणार ते दोन जागी. एक, सेटअप. विंडोज ९५च्या काळातल्या पुष्कळ ३२-बिट प्रोग्रामांचं सेटअप मात्र १६-बिट असे. इन्स्टॉलशील्ड ५ जातीची काही सेटअप्स ६४-बिट विंडोज ओळखतं आणि आपल्याकडचं ३२-बिट इंजिन लावून देतं. बाकीची सुरूच होत नाहीत. दुसरी आणि खरी अडचण डाँगलची. डाँगलचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरतो आणि ६४-बिट गाभा ३२-बिट ड्रायव्हर घेतच नाही. त्यावर डिजिटल स्वाक्षरीही हवी. यूएसबी डाँगल एचएएसपी किंवा सेंटिनल जातीचं असेल तर त्याचं ६४-बिट रनटाइम मिळतं. डाँगलवरचं नाव भिंगातून का होईना वाचा आणि फॉन्ट कंपनीला एकच प्रश्न विचारा : ‘आमच्या या आवृत्तीच्या डाँगलला ६४-बिट ड्रायव्हर आहे का?’ पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टचं) डाँगल असेल तर हल्लीच्या मदरबोर्डवर ते खोचायला जागाच नसते, आणि यूएसबी ते पॅरलल केबलवर अशी डाँगल्स सहसा ओळखली जात नाहीत. स्वाक्षरीची तपासणी बंद करून ड्रायव्हर घुसवण्याचे उपाय सांगणारे भेटतील. कामाच्या मशिनवर ते करू नका.

डॉट मॅट्रिक्सचं सोपं आहे. चांगल्या कंपन्यांच्या प्रिंटरांना ६४-बिट ड्रायव्हर आहेत आणि नसला तर इप्सनच्या जुन्या ९-पिन किंवा २४-पिन मॉडेलचा ड्रायव्हर पुष्कळदा चालून जातो, कारण बहुतेक प्रिंटर इप्सनचीच आज्ञाभाषा बोलतात.

आमचं मत विचाराल तर नवा संगणक ६४-बिटच घ्या आणि चालत्या जुन्या मशिनला धक्का लावू नका. त्याची नेटवर्क केबल काढा, अख्ख्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवा आणि बिलिंग नव्या प्रोग्रामवर हलवायचं असेल तर आर्थिक वर्ष संपताना हलवा.

प्रश्न : ॲटम एन२७० प्रोसेसर आणि १ जीबी रॅमचं नेटबुक घरी पडून आहे. लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह लावला तर ‘या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा, इथे आय६८६ सापडला’ अशा अर्थाचा मजकूर येऊन थांबतं. पेन ड्राइव्ह खराब आहे का?
— वाचक, मडगाव

पेन ड्राइव्ह चांगला आहे. एन२७० खरोखरच ३२-बिट आहे आणि मिंटची आजची प्रत, तिच्या कर्नलसकट (म्हणजे गाभ्यासकट), फक्त ६४-बिट. एन२७० आणि एन२८० हे ३२-बिट. २०१०च्या एन४५०पासून नेटबुकमधले ॲटम ६४-बिट झाले. लॅपटॉपमध्येही असाच चकवा आहे : २००६ सालचा कोअर ड्युओ ३२-बिट, त्याच वर्षी मागाहून आलेला कोअर २ ड्युओ ६४-बिट. स्टिकरवरचा ‘२’ नीट पाहा.

३२-बिटसाठी दारं भराभर बंद होत आहेत. उबंटूने १७.१०पासून ३२-बिट डेस्कटॉपची प्रत काढणं थांबवलं, फेडोराने ३१व्या आवृत्तीत, आणि ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. म्हणजे उरलं डेबियन १२ची आय३८६ प्रत, किंवा त्याच पायावरचं अँटीएक्स २३. डेबियन १२चा दीर्घकालीन आधार जून २०२८पर्यंत आहे. १ जीबी रॅमवर आम्ही अँटीएक्स निवडू; सुरू झाल्यावर ते फार थोडी रॅम खातं. ज्यांच्याकडे त्याहून जुना पेंटियम एम आहे त्यांनी कर्नल निवडताना ‘पीएई’ (जास्त रॅम वापरू देणारी सोय) नसलेला घ्यावा, कारण त्यातले काही प्रोसेसर पीएई असल्याचं सांगतच नाहीत आणि कर्नल सुरू व्हायला नकार देतं.

यातली खरी अडचण मात्र ब्राउझर. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६मध्येच सोडलं. फायरफॉक्सची १४४वी आवृत्ती ३२-बिट लिनक्ससाठी शेवटची. १४० ईएसआर ही दीर्घ आधाराची प्रत काही काळ सुरक्षा दुरुस्त्या घेत राहील. त्यामुळे या नेटबुकवर टंकलेखन, गाणी ऐकणं, पीडीएफ वाचणं करा. बँकेचं काम त्यावर नको.

प्रश्न : शाळेला देणगीत मिळालेली टॅबलेट-कम-लॅपटॉप यंत्रं आहेत : ॲटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. विंडोज सांगतं ‘एक्स६४ आधारित प्रोसेसर’, तरी ६४-बिटचा एकही पेन ड्राइव्ह बूट मेनूत दिसत नाही. असं का?
— शिक्षक, बीड

प्रोसेसर ६४-बिट, पण यंत्रातलं फर्मवेअर (चालू करताच सर्वांत आधी धावणारा अंगचा प्रोग्राम), म्हणजे यूईएफआय, ३२-बिट. त्या काळातल्या स्वस्त टॅबलेटांत हे सर्रास आहे. फर्मवेअर पेन ड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटआयए३२.ईएफआय’ नावाची फाईल शोधतं. ६४-बिट पेन ड्राइव्हवर तिथे फक्त ‘बूटएक्स६४.ईएफआय’ असते, म्हणून त्याला पेन ड्राइव्ह रिकामाच वाटतो. लेगसी मोडची पळवाटही या यंत्रांत नसते.

६४-बिट विंडोज इथे बसणारच नाही. विंडोजला फर्मवेअर आणि सिस्टीम सारख्याच बिटची लागते. लिनक्सचं मात्र जमतं. ३.१५पासून कर्नलला ३२-बिट यूईएफआयवरून ६४-बिट सुरू होता येतं, फक्त बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम) ३२-बिट हवा. फेडोराने २७व्या आवृत्तीपासून तो दिला, डेबियनच्या १२पर्यंतच्या मल्टी-आर्क प्रतीतही तो आहे. कोणतीही प्रत उतरवली की पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये उघडा आणि वर सांगितलेली फाईल आहे का ते डोळ्यांनी पाहा. असेल तर पुढे चला, नसेल तर वेळ घालवू नका. सिक्युअर बूट बंद करा. यूएसबी हब, साधा कीबोर्ड आणि माउस जवळ ठेवा, कारण टच आणि जोडलेला कीबोर्ड बसवताना चालेलच असं नाही. एकाच यंत्रावर आधी ‘लाइव्ह’ (न बसवता, पेन ड्राइव्हवरूनच) चालवून वाय-फाय, आवाज आणि स्क्रीन फिरणं तपासा, मगच बाकीची घ्या.

लिनक्स एकदा सुरू झालं की फर्मवेअरचा आकडा असा बघता येतो : ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय/’ या फोल्डरातली ‘एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ’ ही फाईल वाचा. आत नुसतं ३२ किंवा ६४ लिहिलेलं असतं. २ जीबी रॅम असल्याने डेस्कटॉप एक्सएफसीईसारखा हलका घ्या.

प्रश्न : कोअर २ ड्युओवर टीपीएमची (सुरक्षा चिपची) अट चुकवून विंडोज ११ बसवायला घेतलं. २४एच२ची प्रत सुरू होताना लोगो येतो आणि संगणक पुन्हा रीस्टार्ट होतो. प्रोसेसर तर ६४-बिट आहे!
— वाचक, अकोला

६४-बिट आहे, पण पुरेसा नवा नाही. २४एच२पासून विंडोजच्या गाभ्यात ‘पॉपसीएनटी’ ही प्रोसेसरला द्यायची सूचना आणि एसएसई४.२ हा सूचनांचा संच गृहीत धरला आहे. इंटेलमध्ये ती २००८च्या नेहलेमपासून आली, म्हणजे पहिल्या पिढीच्या कोअर आय मालिकेपासून. कोअर २मध्ये ती नाही. टीपीएमची तपासणी ही सेटअपमधली अट, म्हणून ती चुकवता येते. प्रोसेसरला जी सूचना कळतच नाही तिच्यासाठी रजिस्ट्रीत कोणतीही युक्ती नाही.

लिनक्समध्येही हे येऊ घातलंय. रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स ९ला एक्स८६-६४-व्ही२ ही (मूळ ६४-बिटपेक्षा नव्या सूचना असलेली) पायरी लागते, १०ला व्ही३. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ आज्ञा द्या आणि फ्लॅग्जची लांबलचक ओळ वाचा : ‘एसएसई४_२’ आणि ‘पॉपसीएनटी’ दिसले तर व्ही२, ‘एव्हीएक्स२’ही दिसलं तर साधारणपणे व्ही३. ‘एलएम’ दिसलं तर निदान ६४-बिट आहे. पेंटियम आणि सेलेरॉन घेणाऱ्यांनी सावध राहावं. सहाव्या पिढीचा पेंटियम जी४४०० बऱ्यापैकी अलीकडचा असूनही त्याला एव्हीएक्स नाही. तुमच्या संगणकासाठी डेबियन १३ किंवा मिंट २२ची ६४-बिट प्रत चालेल. त्यांना मूळ एक्स८६-६४ पुरतं.

प्रश्न : स्नॅपड्रॅगन एक्स असलेला विंडोज लॅपटॉप घ्यायचा विचार आहे, बॅटरी दिवसभर टिकते म्हणून. कामात जीएसटी, आयकर आणि ई-टेंडरसाठी डीएससी (डिजिटल सहीचं यूएसबी) टोकन रोज लागतं. चालेल का?
— सनदी लेखापाल, ठाणे

त्याच कामासाठी एकुलता एक लॅपटॉप म्हणून घेऊ नका.

हे लॅपटॉप आर्म६४ विंडोज ११ घेऊन येतात. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले ३२ आणि ६४-बिट प्रोग्राम त्यावर अनुवादित होऊन चालतात. २४एच२मधला प्रिझम नावाचा अनुवादक हे काम चांगलं करतो. ड्रायव्हरचा अनुवाद मात्र होत नाही. तो आर्म६४साठीच बनवलेला असावा लागतो. टोकन, बायोमेट्रिक यंत्र, जुना स्कॅनर, व्हीपीएन, अँटिव्हायरस, सगळे याच गाळणीतून जातात.

टोकनची गोष्ट थोडी आणखी गुंतलेली आहे. पुष्कळ टोकन सीसीआयडी या सर्वसाधारण प्रमाणाची असतात आणि विंडोजच्या अंगच्या ड्रायव्हरवर ओळखली जातात, त्यामुळे खोचल्याबरोबर ‘चालतंय’ असं वाटतं. पण सही करताना ब्राउझर किंवा सहीचं सॉफ्टवेअर टोकन कंपनीची डीएलएल (प्रोग्रामला जोडायची फाईल) उघडतं आणि ती उघडणाऱ्या प्रोग्रामच्याच आर्किटेक्चरची लागते. आर्मसाठीचा ब्राउझर एक्स६४ची डीएलएल उघडू शकत नाही. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ‘आर्किटेक्चर’ हा स्तंभ जोडला की कोण कुठल्या रूपात चालतंय ते दिसतं. टोकन कंपनीकडून ‘आर्म६४ विंडोज ११ साठी इन्स्टॉलर आहे’ असं लेखी मिळालं आणि दुकानात खोचून एका पोर्टलवर सही करून पाहता आली, तर जरूर घ्या. नाहीतर इंटेल किंवा एएमडी. आणि ‘अडलंच तर त्यावर नेहमीचं एक्स६४ विंडोज टाकू’ हा बेत डोक्यातून काढा. ते त्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही.

प्रश्न : व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटूची फक्त ३२-बिट नावं दिसतात. संगणक ६४-बिट आहे.
— अभियांत्रिकी विद्यार्थिनी, नागपूर

व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशिनसाठीची सोय, बंद आहे. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू. खाली उजवीकडे ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर काय आहे ते पाहा. ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये इंटेलवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ चालू करा. जतन केल्यावर संगणक पूर्ण बंद करून चालू करा, कारण काही बोर्ड नुसत्या रीस्टार्टवर ही सोय चालू करत नाहीत. ‘एनेबल्ड’ असूनही अडत असेल तर हायपर-व्ही किंवा विंडोज सुरक्षेतलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ ती आधीच अडवून बसलं आहे. नव्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये तेव्हा मशिन चालतं, पण रखडत. खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतं ते त्याचंच चिन्ह.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ‘यूनेम -एम’ दिल्यावर एआर्च६४ येतं, म्हणून आर्म६४चं पॅकेज उतरवलं; पण ‘आर्किटेक्चर जुळत नाही’ म्हणून ते बसत नाही.
— प्रयोगशाळा साहाय्यक, रत्नागिरी

कर्नल ६४-बिट आहे आणि वरचं सगळं घर, म्हणजे प्रोग्राम, ३२-बिट. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२-बिट प्रतीत पाय ४वर हल्ली असंच जोडकाम येतं आणि ‘यूनेम’ फक्त कर्नलचं सांगतं. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ ही आज्ञा द्या. उत्तर ‘आर्मएचएफ’ आलं तर पॅकेजही आर्मएचएफचंच घ्या, किंवा कार्डावर ६४-बिट प्रत नव्याने लिहा. फेब्रुवारी २०२२पासून ती अधिकृत आहे आणि पाय ३, ४, ५ तसंच झिरो २ डब्ल्यूवर चालते. पहिला पाय आणि मूळ झिरो ३२-बिटच आहेत; प्रयोगशाळेत ते मिसळलेले असतील तर ६४-बिट लिहिलेली कार्डं वेगळ्या डबीत ठेवा, कारण चुकीचं कार्ड खोचलं की पडदा काळाच राहतो आणि संदेशही येत नाही.